२३ दिवस घर बंद आणि काचेच्या टाकीत तीन खेकडे

पत्राचा गोषवारा: न्यू जर्सीत राहणाऱ्या एका वाचक मैत्रिणीने लिहिलं आहे. जुलैमध्ये समुद्रावर गेले असताना तिथल्या बोर्डवॉकवरच्या, म्हणजे काठाने जाणाऱ्या लाकडी फळ्यांच्या वाटेवरच्या, दुकानातून त्यांनी नऊ वर्षांच्या मुलासाठी तीन हर्मिट क्रॅब, म्हणजे शंखात राहणारे खेकडे, घेतले. मुलाने त्यांची नावं ठेवली लाडू, मोदक आणि चकली. दुकानदाराने तारेचा पिंजरा, एक स्पंज आणि रंगवलेले शंख दिले होते. सप्टेंबरमध्ये त्यांनी खेकड्यांना दहा गॅलनच्या काचेच्या टाकीत हलवलं. टाकीत चार इंच वाळू आहे आणि झाकण जाळीचं आहे. चकली तीन आठवड्यांपूर्वी वाळूत शिरली, ती अजून वर आलेली नाही. आता डिसेंबरमध्ये धाकट्या दिराच्या लग्नासाठी सगळं कुटुंब २३ दिवस पुण्याला जाणार आहे. शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी अधूनमधून येऊन बघायला तयार आहे. नवरा म्हणतो, आल्यावर नवीन घेऊ. सासूबाई फोनवर म्हणाल्या, मुक्या जिवांना कोंडून कशाला ठेवायचं, समुद्रात सोडून द्या. मैत्रीण विचारते: वाट्यांत किती पाणी भरून ठेवू? स्पंज दोन ठेवू का? शेजारच्या मुलीला रोज पाणी फवारायला सांगू का? आणि लग्नाच्या एवढ्या गडबडीत खेकड्यांसाठी माझा जीव टांगणीला लागलाय, हा माझाच वेडेपणा आहे का?

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. वेडेपणा मुळीच नाही. हे खेकडे कुठल्या फार्मवर वाढवलेले नसतात. अमेरिकेत दुकानांतून मिळणारे बहुतेक खेकडे कॅरिबियन बेटांच्या किनाऱ्यांवरून पकडून आणलेले असतात. त्यांची अंडी समुद्राच्या पाण्यात फुटतात, पिल्लं काही काळ पाण्यात तरंगत वाढतात आणि मग शंख शोधून जमिनीवर येतात. हा सगळा प्रवास घरात घडवून आणणं आजवर अगदी मोजक्या हौशी लोकांना जमलं आहे. त्यामुळे 'नवीन घेऊ' याचा अर्थ किनाऱ्यावरून आणखी तीन जीव उचलून आणू, असाच होतो. तुमच्या यजमानांना हे माहीत नसणार. दुकानात कोणी सांगत नाही. नीट सांभाळले तर हे खेकडे वीस-तीस वर्षंही जगतात. म्हणजे तुमचा मुलगा नोकरीला लागेल तेव्हाही लाडू-मोदक असू शकतात. हे त्यांना शांतपणे सांगून बघा.

सासूबाईंच्या बोलण्यात माया आहे आणि कोंडून ठेवू नये हे मलाही पटतं. पण हे उष्ण प्रदेशातले, जमिनीवर राहणारे खेकडे आहेत. डिसेंबरच्या अटलांटिकच्या काठावर सोडले तर थंडीने मरतील, पाण्यात सोडले तर गुदमरून मरतील. कोकणात ओहोटीच्या वेळी खडकांमधल्या डबक्यांत चालणारे इवलेसे शंख आपण लहानपणी पाहिलेले असतात, आणि सासूबाईंच्या डोळ्यांसमोर बहुधा तेच असावेत. ते समुद्री खेकडे, पाण्यातच राहणारे. यांची जात वेगळी. त्यांना हे सांगा आणि जमलं तर व्हिडिओ कॉलवर मोदक दाखवा. रागावण्यासारखं त्या काही बोलल्या नाहीत.

आता पाण्याकडे येते. तुमचे पहिले तिन्ही प्रश्न एकाच समजुतीवर उभे आहेत: खेकड्याला पाणी लागतं, तेव्हा वाटीतलं पाणी संपायला नको. हे खरं आहे, पण अर्धंच. जमिनीवर राहत असला तरी हा खेकडा कल्ल्यांनीच श्वास घेतो, आणि कल्ले ओले असतील तरच हवेतला प्राणवायू आत जातो. शंखात तो थोडं पाणी साठवून नेतो, तेही कल्ले आणि मऊ पोट ओलं राहावं म्हणूनच. आजूबाजूची हवा कोरडी असली की ते पाणी उडत राहतं, आणि वाटी भरलेली असूनही त्याचा श्वास हळूहळू कोंडत जातो. नुकसान लगेच दिसत नाही, म्हणून कळायला उशीर होतो.

हे मी माझ्या हाताने शिकले. माझ्याकडे पहिल्यांदा दोन खेकडे आले तेव्हा मी भर हिवाळ्यात चार दिवसांसाठी बाहेर गेले होते. दोन्ही वाट्या काठोकाठ भरल्या, स्पंज भिजवून ठेवला, वर जाळीचं झाकण. घरात हीटर चालू. परत आले तेव्हा स्पंज दगडासारखा वाळला होता, वाट्यांत मात्र अजून बोटभर पाणी होतं. त्या पाण्यापासून वीतभर अंतरावर एक खेकडा शंखातून अर्धा बाहेर लोंबत होता. तो दोन दिवसांनी गेला. वाटीत पाणी असताना तो मेला, हे पटायला मला फार वेळ लागला.

तेव्हा वाटीत किती पाणी हा प्रश्न दुसरा. टाकीतली हवा २३ दिवस ओलसर आणि उबदार कशी राहील, हा पहिला. आर्द्रता ७५ ते ८५ टक्के हवी आणि तापमान ७५ ते ८५ अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण २४ ते २९ सेल्सिअस. तुमच्याकडे हिवाळ्यात बाहेरची थंड हवा आत येऊन तापते तेव्हा घरातली आर्द्रता तीस टक्क्यांच्याही खाली जाऊ शकते. जाळीचं झाकण म्हणजे त्या कोरड्या हवेला उघडं दार. ते आजच बदला. काचेचं किंवा ॲक्रिलिकचं झाकण कापून घ्या. तोवर जाळीवर स्वयंपाकघरातली प्लास्टिकची फिल्म ताणून बसवा आणि एका कोपऱ्यात बोटभर फट राहू द्या. खेकडे गुदमरतील ही भीती बाळगू नका. ती फट आणि आठवड्यातून दोनदा झाकण उघडणं त्यांना पुरतं.

तुम्ही लिहिलंय की टाकीतल्या आर्द्रता मापकाचा काटा कायम ८०वर असतो, म्हणून त्या बाबतीत काळजी नाही. मला नेमकी तीच काळजी वाटते. जाळीचं झाकण, हीटर चालू, आणि काटा हलतच नाही? काट्याचे हे स्वस्त मापक अडकून बसतात. डिजिटल मापक घ्या, आणि घेतला तरी तपासून पाहा. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, त्यात काही थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. ते आणि मापक एका झिपच्या पिशवीत घालून हवाबंद करा आणि दिवसभर हलवू नका. ओल्या मिठाभोवतीची बंद हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मापक ७१ दाखवत असेल तर तो चार कमी दाखवतो, एवढं चिकटपट्टीवर लिहून त्यावर लावून टाका. मुलाला हा प्रयोग करू द्या. नऊ वर्षांच्या मुलाला तो फार आवडेल. काचेवर थेंब दिसले की हवा पुरेशी ओली आहे असंही समजू नका, ते बहुतेक वेळा काच थंड असल्याचं लक्षण असतं.

आणि यावरूनच सर्वांत मोठा धोका, ज्याचा तुमच्या पत्रात उल्लेखही नाही. भारतात जाताना आपण सगळेच घराचा थर्मोस्टॅट ५५ अंश फॅरनहाइटवर आणून ठेवतो. पाइप गोठू नयेत एवढंच बघतो आणि गॅसचं बिल वाचवतो. या खेकड्यांसाठी ५५ म्हणजे मरण. घर निदान ६५वर ठेवा, आणि टाकीला उष्णतेची चटई लावा. ती टाकीच्या खाली लावू नका, मागच्या काचेला बाहेरून, वाळूच्या पातळीच्या वर लावा. खाली लावली तर वाळूत शिरलेली चकली भाजेल. चटईला स्वतःचा थर्मोस्टॅट हवाच, आणि टाकीच्या मागच्या उरलेल्या आणि बाजूच्या काचांना बाहेरून फोमचा तुकडा लावलात तर ऊब टिकेल. दिव्याने तापवू नका, दिवा हवा कोरडी करतो. टाकी खिडकीपासून आणि गरम हवेच्या झरोक्यापासून लांब ठेवा. बर्फाच्या वादळात वीज गेली तर टाकीवर पांघरायला एक जाड ब्लँकेट शेजारीच घडी करून ठेवा आणि शेजारच्या मुलीला दाखवून ठेवा.

हवा ओली ठेवायचं काम स्पंजवर सोपवू नका, दोन ठेवले तरी. बंद उबदार टाकीत स्पंज चार दिवसांत कुबट होतो. त्याऐवजी पाण्याचा पृष्ठभाग वाढवा. हल्लीच्या छोट्या वाट्यांच्या जागी दोन पसरट, खोलगट भांडी ठेवा. खेकडा शंखासकट बुडेल इतकी खोल, आणि चढून बाहेर येता यावं म्हणून आत गोटे किंवा प्लास्टिकच्या जाळीचा उतार. भांडी धातूची नकोत, तांब्याची तर नकोतच. तांबं या जिवांना विषारी असतं. एका कोपऱ्यात स्फॅग्नम मॉसचा, म्हणजे एका प्रकारच्या वाळवलेल्या शेवाळाचा, ढीग भिजवून, पिळून ठेवा. तो ओल धरून ठेवतो आणि खेकडे त्यात खुशाल बसतात.

भांडी दोन, कारण पाणी दोन प्रकारचं लागतं, गोडं आणि खारं. दोन्हीसाठी नळाचं पाणी आधी क्लोरीन काढण्याच्या औषधाने शुद्ध करा. पाणी रात्रभर उघडं ठेवायचा जुना उपाय पुरत नाही, कारण बऱ्याच शहरांत पाण्यात क्लोरामाइन घालतात आणि ते असं उडून जात नाही. खाऱ्या पाण्यासाठी मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारं समुद्री मीठच घ्या, एका गॅलनला अर्धा कप. स्वयंपाकाच्या मिठात समुद्रातली बाकीची खनिजं नसतात.

रोज फवारणीचं म्हणाल तर नको, आणि हे जरा जोर देऊन सांगते. मायेने केलेली ही चूक कोरडेपणाइतकीच घातक ठरते. बंद टाकीत फवारलेलं पाणी वाळूत झिरपतं आणि तळाशी साचतं. वाळू हातात घेतली तर किल्ला बांधता येईल, पण पिळल्यावर पाणी गळणार नाही, एवढीच ओली हवी. तळाशी पाणी साचलं की वाळू सडते, आणि चकली तळाशीच आहे.

चकलीबद्दल थोडं थांबून लिहिते, कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यात मोठी धाकधूक तिच्याबद्दलच दिसली. ती बहुधा कात टाकायला गेली आहे. खेकड्याचं कवच अंगाबरोबर वाढत नाही. म्हणून तो ओल्या वाळूत बिळासारखी पोकळी करतो, जुनं कवच सोडतो, नवं कडक होईपर्यंत तिथेच पडून राहतो आणि जुनं कवच खाऊन टाकतो. याला लहान खेकड्यालाही चार ते आठ आठवडे लागतात, मोठ्याला त्याहून जास्त. या काळात त्याचं अंग लोण्यासारखं मऊ असतं. उकरून बघितलं तर तो वाचणं कठीण. मेला असेल तर सडलेल्या मासळीचा वास येतो आणि तो लपत नाही. वास नसेल तर वाट पाहा. म्हणूनच टाकी उचलून शेजारी नेऊन ठेवायचा पर्याय तुमच्यासाठी बाद आहे. टाकी हलली की ती पोकळी ढासळू शकते. चार इंच वाळू कमीच आहे, निदान सहा इंच हवी, पण ते काम चकली वर आल्यानंतरच. नवी भांडी ठेवतानाही ती शिरली त्या जागेपासून दूर, अलगद ठेवा. ज्यांचे सगळे खेकडे वर आहेत आणि प्रवास छोटा आहे, त्या वाचकांना मात्र टाकी ओळखीच्या घरी नेऊन ठेवणं हा चांगला उपाय आहे.

तुमच्या हातात अजून पाच आठवडे आहेत. झाकण, चटई, भांडी, मापक हे सगळं पुढच्या दहा दिवसांत करा आणि थँक्सगिव्हिंगच्या चार सुट्ट्यांत रंगीत तालीम घ्या. प्रवासाला निघाल्यासारखं घर ६५वर आणा, पाणी भरा, झाकण लावा आणि चार दिवस टाकीला हात लावू नका. मुलाने सकाळ-संध्याकाळ दोन आकडे वहीत लिहायचे, आर्द्रता आणि तापमान. चौथ्या दिवशी आर्द्रता ७५च्या खाली गेली असेल तर कुठेतरी फट मोठी आहे, नाहीतर पाण्याचा पृष्ठभाग कमी पडतोय. सतत ९०च्या वर राहून काचेवरून ओघळ वाहत असतील तर कोपऱ्यातली फट थोडी वाढवा. तालमीत टाकी टिकली तर शेजारच्या मुलीचं काम अगदी हलकं होतं. नाही टिकली तर दुरुस्त करायला तुम्ही घरी आहात. फोनवर आकडे दाखवणारे वायफायचे मापकही मिळतात. एक जरूर लावा, पण त्याच्याच भरवशावर राहू नका. पुण्यात कार्यालयाच्या दारात उभं राहून आकडा पडलेला दिसला, तर हात कोणाचे लागणार? शेजारच्या मुलीचेच.

तिला रोज बोलावू नका. आठवड्यातून दोनदा, एकूण सात फेऱ्या पुरतात. प्रत्येक वेळी झाकण उघडलं की साठवलेली ओली हवा बाहेर जाते. निघण्याआधी गोड्या पाण्याच्या तीन बाटल्या पिवळी पट्टी लावून आणि खाऱ्या पाण्याच्या दोन निळी पट्टी लावून भरून ठेवा. त्याच रंगांच्या पट्ट्या भांड्यांवरही लावा. भांड्यांच्या आत पाणी कुठवर हवं तिथे खूण करा. आठवड्यातून एकदा दोन्ही भांडी रिकामी करून आपापल्या रंगाच्या बाटलीतून भरायची. मधल्या फेरीत पाणी खुणेच्या खाली गेलं असेल तर दोन्ही भांड्यांत पिवळ्या बाटलीतलं गोडं पाणीच घालायचं, खाऱ्यातही. खाऱ्या भांड्यातून फक्त पाणी उडतं, मीठ मागे राहतं. त्यात परत खारं घातलं तर ते खारट होत जातं. हे तिला नीट समजावून सांगा, कारण उलटं करायचा मोह कोणालाही होईल.

खाण्यासाठी औषधाच्या गोळ्यांची सात कप्प्यांची डबी घ्या आणि एकेका फेरीचं खाणं एकेका कप्प्यात भरा. सुक्या खोबऱ्याचा तुकडा, बिनमिठाचे दोन शेंगदाणे, मीठ न लावलेला जवळा चिमूटभर, कटलफिशच्या हाडाचा चुरा. ताजी फळं नकोत, बुरशी धरते आणि चिलटं होतात. जुनं खाणं काढायचं, नवं ठेवायचं, एवढंच. उरलेलं दिसलं तर 'खात नाहीत' म्हणून तिने घाबरू नये. हे रात्री हिंडणारे जीव आहेत आणि अगदी थोडं खातात.

तिला एक गोष्ट लेखी देऊन ठेवा: खेकडा दिसला नाही तर शोधायचं नाही. २३ दिवसांत लाडू किंवा मोदकही वाळूत जाऊ शकतो. टाकी रिकामी दिसली की चांगल्या मनाची माणसं उकरायला लागतात. फवारायचंच झालं तर आर्द्रता ७०च्या खाली असेल तेव्हाच, आणि तेही मॉसवर, दोन फवारे. तालमीच्या शेवटच्या दिवशी तिला घरी बोलवा, चहा द्या आणि एक फेरी तुमच्यासमोर तिच्या हातून करून घ्या. मुलीला मानधनही द्या. फुकट केलेल्या कामाबद्दल शंका विचारायला माणूस संकोचतो, आणि तिने मध्यरात्रीही तुम्हाला शंका विचारावी असं मला वाटतं. न्यू जर्सीची रात्र म्हणजे पुण्यात सकाळच असते.

तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहिलंय की लग्नानंतर गुहागरला जाणार आहात आणि मुलाला तिथून लाडू-मोदकसाठी शंख आणायचे आहेत. रंगवलेले शंख बदलायलाच हवेत, त्यांचा रंग खरवडून खेकड्यांच्या पोटात जातो. पण गुहागरचे शंख तिथेच राहू द्या. किनाऱ्यावरचा रिकामा शंख तिथल्या खेकड्याचं उद्याचं घर असतो, आणि काही जातींचे शंख आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, ते ओळखणं सोपं नाही. मुलाला वाळूत बसून शंख चालताना बघू दे. त्याच्या खेकड्यांसाठी गोल तोंडाचे, न रंगवलेले टर्बो जातीचे शंख अमेरिकेतच, निघण्याआधी विकत घ्या. सध्याच्या शंखांहून एखाद दुसरा किंचित मोठा, बाकी त्याच मापाचे. खळखळत्या पाण्यात पाच मिनिटं उकळून गार होऊ द्या.

निघायच्या आदल्या रात्री त्यातले दोन मोठे शंख मुलाला स्वतःच्या हाताने टाकीत ठेवू द्या, चकली जिथे वाळूत शिरली त्या जागेजवळ, तोंड वर करून. कात टाकून ती वर येईल तेव्हा तुम्ही पुण्यात असाल कदाचित, आणि तिला जुना शंख तोकडा पडत असेल.